ब्रिगेडियर कुठले राहणार?

माणूस कुठं राहतो हे त्याचं त्याला माहीत असून काही उपयोग नसतो. ते कागदाला माहीत असावं लागतं. एकतीस वर्षं मी कचेरीत कारकुनी केली. त्यातली शेवटची अकरा वर्षं अधिवासाच्या टेबलावर गेली. या अकरा वर्षांत सोलापूर आणि आसपासच्या कितीतरी माणसांना, ते कुठं राहतात हे मी लेखी कळवलं. बरेच जण दाखला मिळाल्यावर पेढे घेऊन यायचे. आपण आपल्याच घरात राहतो हे कळल्यावर माणसाला एवढा आनंद का व्हावा, याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. पुढं पेढ्यांची सवय झाली आणि नवल वाटेनासं झालं.

संपादकांनी ‘नोकरीतले गमतीदार अनुभव’ मागितले आहेत. माझ्याकडं ते पोत्यानं आहेत. त्यातला एक मी शुक्रवार पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर, दोन लग्नांत आणि एका बारशात रंगवून सांगितला आहे. प्रत्येक वेळी लोक पोट धरून हसले आणि प्रत्येक वेळी घरी येताना मला कसंसंच झालं. तोच आज लिहून टाकतो.

आधी धंद्याची गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रहिवास वेगळा आणि अधिवास वेगळा. हा फरक न कळल्यामुळं रोज चारजण माझ्याशी खिडकीत भांडायचे. तुम्ही आज कुठं झोपता तो तुमचा रहिवास. तो दाखला गावातच मिळतो. तुम्ही मुळात कुठल्या राज्याचे, तो अधिवास. तो आमच्या मोठ्या साहेबांच्या सहीनं मिळतो आणि त्यासाठी या राज्यात पंधरा वर्षं सलग राहिल्याचा पुरावा लागतो. ‘सलग’ हा आमच्या टेबलाचा लाडका शब्द. पुरावा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, लाईट बिल, घरपट्टीची पावती. एखादा माणूस जन्मापासून त्याच घरात नांदतोय, त्याच आडावर पाणी भरतोय, शेजाऱ्यांशी त्याच बांधावरून भांडतोय, याला आम्ही पुरावा धरत नसू. नुसतं राहणं कुणालाही जमतं.

नोकरीच्या सुरुवातीला मी माळशिरसला होतो. तिथं एक मेंढपाळ मुलाच्या दाखल्यासाठी आला होता. अर्जात ‘राहणार’पुढची जागा कोरी होती. मी विचारलं, “राहता कुठं?” तो म्हणाला, “मेंढ्या असतील तितं.” मी म्हणालो, असं चालत नाही, एक गाव सांगा. त्यानं दसऱ्यापासून मृगापर्यंतची वीस-बावीस गावं ओळीनं सांगितली, पार घाट उतरून कोकणापर्यंत. माझ्या वरचे जुने हेडक्लार्क चष्मा पुसत म्हणाले, “सगळी आपल्याच राज्यातली हायत नव्हं? मग दे की. मेंढरानं हद्द ओलांडलेली न्हाय.” आणि दाखला दिला. त्या हेडक्लार्कना नियम पाठ नव्हते, पण ते कशासाठी केलेत हे माहीत होतं. मला पुढं नियम पाठ झाले.

आता मूळ गोष्ट. माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले असताना सरकारची एक जाहिरात निघाली. राज्यातल्या माजी सैनिकांच्या कामावर एक मोठा अधिकारी नेमायचा होता. अटी दोन. लष्करातून ब्रिगेडियर किंवा कर्नल म्हणून निवृत्त झालेला असावा, आणि राज्याचा अधिवासी असावा. आता बघा, लष्करात इतकं वर चढायचं तर माणसाला तीस-पस्तीस वर्षं देशभर फिरावं लागतं. आणि अधिवास हवा तर त्यानं घर सोडता कामा नये. म्हणजे सरकारला असा सेनापती हवा होता, की जो लढाईला गेला पण अंगणातून हलला नाही. जाहिरात ज्यानं लिहिली तो माझ्याच जातकुळीतला, कारकुनाच्या. एक अट त्यानं एका फायलीतून उचलली असणार, दुसरी दुसऱ्या.

एके सकाळी माझ्या खिडकीपुढच्या रांगेत एक उंच, ताठ गृहस्थ उभे राहिले. पुढं नऊ माणसं होती. नऊजणांचं होईपर्यंत ते ना कुणाला टेकले ना मोबाईलमध्ये बघत बसले. नंबर आल्यावर म्हणाले, “भाऊसाहेब, नमस्कार. आत येऊन बसू का?” मला बसायची परवानगी विचारणारा हा पहिलाच इसम. बाकीचे एकतर बसायचे, नाहीतर उभ्यानं ओरडायचे.

हे ब्रिगेडियर मल्लिनाथ. आडनाव सांगत नाही. गाव वळसंग, दक्षिण सोलापूर. दोनच महिन्यांपूर्वी निवृत्त होऊन घरी आले होते. अर्ज त्यांनी ऑनलाईन भरला होता आणि मी त्यावर त्रुटी काढली होती. त्रुटी काढणं म्हणजे अर्जात खोट काढून तो परत पाठवणं. आमच्याकडं यात ज्याचा हात बसला तो पुढं गेलाच म्हणून समजा.

“त्रुटी आली हाय म्हणून आलो,” ते म्हणाले आणि फाईल उघडली. एकेका कागदाला नंबर, वर सूची. अशी फाईल आमच्या कचेरीत तयारच होऊ शकली नसती.

मी पेन घेऊन हिशोब मांडला. जन्मापासून दहा वर्षं वळसंग. मग शाळा विजापूरला, मामाकडं, म्हणजे हद्दीपलीकडं. वळसंगकरांना विजापूर परकं वाटत नाही, पण वळसंगकरांना काय वाटतं याचा रकाना अर्जात नाही. मग पुण्याजवळ तीन वर्षं लष्करी शिक्षण. पुढं पस्तीस वर्षं नोकरी, त्यातलं दीड वर्ष नगरला. बाकी काश्मीर, अरुणाचल, राजस्थान, पुन्हा काश्मीर.

“साडेचौदा होतात, साहेब,” मी म्हणालो. “सहा महिने कमी पडतात. आणि तेही सलग नाहीत.”

“सियाचीनला होतो तेव्हा माझा पत्ता काय धरायचा मग?”

“तिथलं लाईट बिल आहे का?”

ते मोठ्यानं हसले. मी हे विनोदानं म्हणालो, असं पुढं बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो.

रेशनकार्डावर त्यांचं नाव नव्हतं. का, तर ते लष्करात गेले त्याच आठवड्यात वडिलांनी स्वतः जाऊन नाव कमी करून घेतलं होतं. “पोरगं सरकारचं खातंय, मग त्याच्या नावची साखर आपण का खायची?” असं म्हणाले म्हणे. ब्रिगेडियरसाहेब हे कौतुकानं सांगत होते. मी लिहिलं: ‘शिधापत्रिकेवर नाव नाही.’ प्रामाणिक माणसाचं आमच्याकडं हे असं होतं. नाव कमी करायला अर्धा तास लागतो आणि चढवायला जन्म.

मग मी उगीच विचारलं, की साहेब, एवढी मोठी पेन्शन आहे, मान आहे, ही जागा तुम्हाला कशाला पाहिजे? त्यांनी फाईल बंद केली.

“माझे वडील हवालदार होते, भाऊसाहेब. नोकरीत पाय गेला त्यांचा. अपंगत्वाचा एक कागद कुठंतरी अडकला. कुठं, ते शेवटपर्यंत कळलं न्हाय. नऊ वर्षं कुबडी घेऊन हेलपाटे घातले. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा त्यांना जाऊन दीड महिना झाला होता. मी वर बर्फात, मला तर ते गेल्याचंच पाचव्या दिवशी कळलं. अशा फायली अजून पडून हायत. कुठं कुठं अडकतात ते मला ठाऊक झालंय. तीन वर्षं मिळाली तर मोकळ्या करतो. दुसरं काय नको.”

एखादा माणूस असं बोलला की कारकून खाली बघून टाचणी शोधतो. मीही शोधली.

आमचे मोठे साहेब तरुण होते आणि अजून बिघडले नव्हते. त्यांनी फाईल पाहिली आणि म्हणाले, “गावात चौकशी करा. घर इथलं आहे, येणं-जाणं आहे, एवढं गाव म्हणालं तरी मी सही करतो.” झालं. पाच माणसांनी दोन वाक्यं बोलायची, मंडळ अधिकाऱ्यांनी ती लिहून घ्यायची. याला पंचनामा म्हणतात. मंडळ अधिकाऱ्याला गावाकडं सर्कल म्हणतात. आमचे सर्कल वळसंगला निघाले तेव्हा मीही त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसलो. कारण काही नव्हतं, ब्रिगेडियरचं घर कसं असतं ते बघायचं होतं.

स्टँडवरच फ्लेक्स लागलेला. ब्रिगेडियरसाहेब गणवेशात, बाजूला वाघ, खाली गावातल्या सतरा जणांचे फोटो. वर लिहिलेलं: ‘पस्तीस वर्षं घरादाराकडं न बघता देशसेवा करणारा वळसंगचा ढाण्या वाघ!’ ब्रिगेडियरसाहेब स्वतः सोलापूरला गेले होते. चौकशीच्या वेळी आपण तिथं असू नये, असं त्यांना वाटलं होतं. हे असं वाटणारा अर्जदारही पहिलाच.

चावडीपुढं गाव जमलं. सर्कलनं कागद काढला आणि विचारलं, “मल्लिनाथ इथं राहतात का?”

सरपंच खुर्चीतून उठलेच. “हितं? हितं कुटं राहतोय वो त्यो! बार्डरवर राहतोय! पस्तीस वर्सं झाली, गावाचं त्वांड बगितलं न्हाय गड्यानं!”

“दिवाळीला न्हाय, सणाला न्हाय,” दुसरा म्हणाला.

“सख्ख्या बापाच्या मातीला आला न्हाय,” तिसरा म्हणाला. “लिवा सायेब, ठळक लिवा. असा मानूस दुसरा दावा जिल्ह्यात.”

प्रत्येकाला आधीच्यापेक्षा मोठं काहीतरी सांगायचं होतं. शेजारी सिद्धाप्पा म्हणून एक म्हातारे होते. ते हळूच म्हणाले, “न्हाय कसा? दर साली सुट्टीला यायचा की म्हैना म्हैना. माज्या बांधावर बसून हुरडा खाल्लाय त्येनं.”

“ए सिद्धाप्पा, गप की,” सरपंच खेकसले. “हुरडा खायाला मिल्ट्रीत गेलता व्हय त्यो? सायेब लिवून घ्यायलेत. गावाची अब्रू घालवतोस का?”

सिद्धाप्पा गप्प बसले. अख्ख्या पंचनाम्यातलं कामाचं वाक्य तेवढंच होतं आणि ते लिहिलं गेलं नाही.

मग सर्कल आणि मी ब्रिगेडियरांच्या घरी गेलो. ब्रिगेडियरांची आई, अव्वा, जात्याशेजारी डाळ निवडत होती. “मुलगा इथंच असतो का, अव्वा?” सर्कलनं विचारलं. ती म्हणाली, “आता आलाय. जाईल की परत. त्येला कोन ना कोन बलवतंयच.” तेही लिहिलं गेलं. येताना सर्कलनं स्टँडवरच्या फ्लेक्सचा फोटो काढला आणि पंचनाम्याला पुरावा म्हणून जोडला.

ऐकून हसणाऱ्या लोकांना मी कधीच न सांगितलेली एक गोष्ट इथं आहे. गावाला सावध करायला मला एक वाक्य पुरेसं होतं. ‘अहो, तुम्ही तुमच्या माणसाचं नुकसान करताय’ एवढंच. सरपंचांनी त्याच दमात सुट्ट्यांची यादी सांगितली असती. पण पंचांच्या तोंडात शब्द घालू नयेत असा नियम आहे, आणि तो मला नेमका तेव्हा आठवला. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. कट्ट्यावर सांगायला गोष्ट मिळाली, हे मला चावडीवरच कळलं होतं.

मोठ्या साहेबांनी पंचनामा वाचला आणि डोकं धरलं. “पाच पंच, एक आई आणि एक फ्लेक्स, सगळे म्हणतात माणूस इथं राहत नाही. आता मी सही कशी करू? तुम्ही टिपणी लिहा.”

टिपणी म्हणजे कारकुनाचं मत. मी लिहू शकलो असतो की लष्कराच्या प्रत्येक कागदावर कायमचा पत्ता वळसंग आहे, आई वळसंगला आहे, जमीन वळसंगला आहे, दाखला द्यावा. साहेबांनी सही केली असती. पण निवृत्तीच्या वर्षात कारकून स्वतःच्या पेनाला भितो. एखादी चौकशी लागली की पेन्शन लटकते. म्हणून मी लिहिलं, ‘वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवावे.’ बाहेरच्यांना हे शहाणपणाचं वाटेल. आतल्यांना माहीत आहे की फाईल मारायची असेल तर नकार कधी द्यायचा नसतो. नकारावर अपील होतं. मार्गदर्शनावर काही होत नाही, ते नुसतं येत नाही.

ब्रिगेडियरसाहेब आले. मी सांगितलं.

“किती दिवसांत येतं मार्गदर्शन?”

“महिना... दोन महिने. सांगता येत नाही, साहेब.”

“अर्जाची मुदत सोमवारी संपते.”

मी टाचणीचा डबा सरळ केला. ते उठले, हात जोडले आणि गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं ते मला पाठ होतं.

तीन महिन्यांनी वर्तमानपत्रात त्या जागेवर नेमलेल्या अधिकाऱ्याचा फोटो आला. मिशा ओळखीच्या वाटल्या. दुपारी टेबलावर बसल्यावर आठवलं. हे कर्नलसाहेब माझ्याकडंच येऊन गेले होते, ब्रिगेडियरांच्या आधी जेमतेम आठवडाभर. स्वतः नव्हे, त्यांचा एजंट. मूळचे कुठल्या तरी लांबच्या राज्यातले. सासुरवाडीमुळं सोलापुरात विजापूर रोडवर एक फ्लॅट घेऊन ठेवलेला, सतरा वर्षांपासून. फ्लॅटला कुलूप. पण लाईट बिल सतरा वर्षं सलग, दर महिन्याला शून्य युनिट. घरपट्टी सलग. रेशनकार्डावर नाव. सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र, की ‘सदर इसमाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.’ न राहणाऱ्या माणसाविरुद्ध तक्रार येणार कुठून? मी शेरा मारला होता: ‘कागदपत्रे परिपूर्ण.’ तीन दिवसांत दाखला दिला होता. एजंटनं पेढेही आणले होते, कंदी.

मार्गदर्शन सातव्या महिन्यात आलं. दोन ओळी. लष्करी नोकरीमुळं राज्याबाहेर राहिलेल्या माणसाचं मूळ घर राज्यात असेल तर तो काळ इथल्याच वास्तव्यात धरावा. आणि खाली, जरा चिडून, ‘याबाबत आपल्या कार्यालयास पूर्वीच कळविण्यात आले आहे.’ मी कपाटातली परिपत्रकांची जुनी फाईल काढली. धूळ झटकली. परिपत्रक होतं. कोपऱ्यात ‘पाहिले’ असं लिहून सही केलेली होती. सही माझी होती.

मी कुणाला दाखवलं नाही. साहेबांची सही घेऊन दाखला तयार केला आणि स्वतःच एसटीनं वळसंगला गेलो. फ्लेक्स फाटून गेला होता, वाघ तेवढा शिल्लक होता.

ब्रिगेडियरसाहेब अंगणात विळ्यानं कडबा तोडत होते. हात धुऊन आले, दाखला दोन्ही बाजूंनी वाचला. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. परिपत्रक, माझी सही, आणि कर्नलसाहेबांचा दाखलाही माझ्याच टेबलावरून गेला ते.

“त्यांचे कागद पुरे असतील,” ते म्हणाले.

“होते.”

“मग तुम्ही तरी काय करणार?”

यात टोमणा नव्हता. मी बराच शोधला. असता तर माझी सुटका झाली असती.

अव्वा ताकाचा तांब्या घेऊन बाहेर आली. “काय आणलंय सायबांनी?”

“अव्वा, मी हितलाच हाय, ह्ये माझंच गाव, असं सरकारनं लिहून दिलंय.”

तिनं तांब्या खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि कागद घेतला. वाचता येत नव्हतं. मुलाच्या फोटोवरून आणि शिक्क्यावरून बोट फिरवलं. “म्हंजे आता तू हितंच राहनार? कोन न्हेनार न्हाय?”

“न्हाय अव्वा. आता कोण न्हेत न्हाय.”

ती माझ्याकडं वळली. “मग ह्यो कागुद तवाच का दिला न्हाय वो, सायेब? ह्येचा बाप शेवटचं आट दिस दाराकडं त्वांड करून निजलाता. तवा दिला असता तर घरी राहिला असता की ह्यो. बापाला दिसला असता.”

“अव्वा, तसं नसतंय ते,” ब्रिगेडियरसाहेब म्हणाले. माझ्याकडं अशा वेळेसाठी ठरलेली वाक्यं होती. अर्ज त्या वेळी आला नव्हता, बाब आमच्या कक्षेत येत नव्हती.

“चुकलं, अव्वा,” मी म्हणालो.

“असू द्या,” ती म्हणाली आणि ताकाचा पेला माझ्या हातात दिला. “म्होरल्यांना तरी येळंवर देत जावा.”

मी हो म्हणालो. माझ्या नोकरीचे चार दिवस राहिले होते, आणि त्यातले दोन सुट्टीचे होते.